‘सीटी नॉर्मल आहे’, मग पुढं काय?

रेडिओलॉजी, न्यूरॉलॉजी, मेडिसिन अशा तिन्ही शाखांतून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या सोलापुरात स्वागत समितीच्या वतीनं आपलं मनापासून स्वागत. हुरड्याचे दिवस आहेत. रात्रीच्या जेवणात शेंगाचटणी आहेच, तिखटाची जबाबदारी मात्र समिती घेणार नाही.

आमच्याकडं पक्षाघाताला अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि काही जण पेशंटला आधी कबुतराचं रक्त चोळायला नेतात. आपण त्यांना नावं ठेवतो. पण दवाखान्यात पोचलेल्या पेशंटचा वेळ कोण घालवतं? तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा बंद. दीड तासात माणूस सीटीच्या टेबलावर. रिपोर्ट येतो, ‘नॉर्मल’. नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो आणि ‘सकाळी एमआरआय बघू’ असं ठरतं.

अहो, रक्तवाहिनी तुंबल्यावर पहिल्या काही तासांत साधा सीटी बहुधा नॉर्मलच दिसणार! रक्तस्राव नाही, मेंदूचा मोठा भाग अजून गेलेला नाही, एवढं त्यानं सांगितलं की बाकीचे निकष तपासून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. 1995 साली त्याची मुदत तीन तासांची होती, 2008 मध्ये ती साडेचारवर गेली. ‘नॉर्मल’ हा घाई करायचा निरोप आहे, घरी पाठवायचा नव्हे.

आणि तो खरंच नॉर्मल असतो का? विंडो 40-40 वर आवळून बघा. एका बाजूची इन्सुलाची पट्टी पुसट झालेली असते, लेंटिफॉर्म न्यूक्लिअसची कड सापडत नाही, कधी मिडल सेरेब्रल धमनीत गुठळीची पांढरी रेघ उमटलेली असते. नेहमीच्या विंडोवर हे हमखास निसटतं. कॅलगरीच्या मंडळींनी 2000 साली हेच बदल मोजायला दहा गुणांची ‘अ‍ॅस्पेक्ट्स’ पद्धत बसवली. कागद-पेन्सिल पुरते.

डिफ्युजन एमआरआयवर बदल काही मिनिटांतच दिसू लागतात, हे मान्य. 2018 च्या ‘डॉन’ अभ्यासामुळं तर निवडक पेशंटची गुठळी 24 तासांपर्यंत काढायची वाट मोकळी झाली. एमआरआयशी माझं वैर नाही. माझ्याकडच्या मशीनचे हप्ते अजून चालू आहेत. पण रात्री दोन वाजता तालुक्याला मिळालाच तर सीटी मिळतो. मोठी धमनी बंद असल्याची शंका आली तर त्याच टेबलावर मानेपासून अँजिओग्राफी उरका. मूत्रपिंडाचा जुना आजार नसेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी खोळंबू नका.

आज पहिल्या सत्रात अशाच ‘नॉर्मल’ सीटी दाखवणार आहोत, पेशंटची हकीकत न सांगता. मत आधी कागदावर लिहायचं, मग चर्चा. जेवणानंतर अंधारात डोळे मिटतात, म्हणून हे सत्र मुद्दाम आधी घेतलं आहे. कागद खुर्चीवर ठेवलेत, पेन मात्र आपापलं काढा.