ध्वनिफिती कुणाच्या हाती गेल्या?



१७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत पहारेकऱ्याला एका दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. त्याने ती काढून टाकली. पुढच्या फेरीत पाहतो तो पट्टी पुन्हा जागच्या जागी! त्याने पोलिसांना बोलावले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच जण पकडले गेले. याच प्रकरणापायी सव्वादोन वर्षे पुरी व्हायच्या आत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. त्यातून अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, बळकट झाली आणि अध्यक्षपद दुबळे झाले, असे आपण राज्यशास्त्राच्या वर्गात शिकवत आलो आहोत. मला ते अर्धेच खरे वाटते. कायद्याच्या कचाट्यात अध्यक्ष सापडतो तेव्हा सत्ता हलते खरी. पण ती काँग्रेसकडेच जाते असे नाही. प्रकरण जितके वकील आणि न्यायाधीशांच्या हाती जाते, तितके ते काँग्रेसच्या हातून निसटते, आणि माणूस हरला तरी पद काहीतरी कमावून बसते.

ध्वनिफितींचेच पाहा. सिनेटने ७७ विरुद्ध ० मतांनी चौकशी समिती नेमली, सॅम अर्व्हिन तिचे अध्यक्ष झाले. १६ जुलै १९७३ रोजी याच समितीपुढे अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी सांगितले की अध्यक्षांच्या दालनातले बोलणे आपोआप ध्वनिमुद्रित होते. म्हणजे फितींचा छडा लावला तो समितीने. पण तिने त्या मागितल्या तेव्हा निक्सन यांनी नकार दिला, समिती न्यायालयात गेली आणि मे १९७४ मध्ये अपिलात हरली. फौजदारी खटल्यासाठी मात्र विशेष सरकारी वकिलाने फिती मागितल्या, आणि २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० अशा निकालाने त्या द्यायला लावल्या. लोकप्रतिनिधींच्या गरजेपेक्षा खटल्याची गरज मोठी ठरली! त्याच निकालपत्रात न्यायालयाने प्रथमच मान्य केले की अध्यक्षाच्या गोपनीयतेच्या हक्काला राज्यघटनेचा आधार आहे. तो हक्क अमर्याद नाही, एवढेच. निक्सन यांच्या हातून फिती गेल्या. त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक अध्यक्षाच्या पदरात मात्र तो हक्क पडला.

काँग्रेसला काहीच मिळाले नाही, असे मी म्हणत नाही. मंजूर झालेला पैसा खर्चच न करण्याची निक्सन यांची रीत मोडण्यासाठी अर्थसंकल्पाचा कायदा झाला. १२ जुलै १९७४ रोजी त्यावर निक्सन यांनाच सही करावी लागली. त्यातून काँग्रेसला स्वतःची अर्थसंकल्प कचेरी मिळाली, म्हणजे जमाखर्चाचे आकडे स्वतः काढणारी माणसे मिळाली. ती कचेरी आजही काम करते आहे. याउलट १९७६ च्या आणीबाणीविषयक कायद्याने दोन्ही सभागृहांना अध्यक्षाच्या सहीवाचून आणीबाणी संपवता येत होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सहीवाचूनच्या अधिकाराचा पायाच काढून घेतला. २०१९ मध्ये सीमेवरील भिंतीसाठी ट्रम्प यांनी पुकारलेली आणीबाणी संपवायचा ठराव दोन्ही सभागृहांनी केला, ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, विषय संपला. स्वतंत्र सरकारी वकिलाची १९७८ ची तरतूद तर क्लिंटन प्रकरणानंतर १९९९ मध्ये मुदत संपून विरून गेली. माणसे, पैसा आणि रोजचे काम ज्या सुधारणेच्या मागे उभे राहिले, ती टिकली.

यावर पहिला आक्षेप असा की सत्तेचे पारडे घोटाळ्याने फिरले नाही, व्हिएतनामने फिरवले. अध्यक्षाच्या युद्धाधिकाराला आवर घालणारा ठराव व्हिएतनाममधून आला, हे मान्य. पण निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून तो ७ नोव्हेंबर १९७३ रोजी मंजूर झाला. त्याच्या १८ दिवस आधी, २० ऑक्टोबरला, निक्सन यांच्या हुकमाने विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढले गेले होते आणि तो हुकूम न मानणाऱ्या अॅटर्नी जनरलनी राजीनामा दिला होता. कारण युद्धाचे होते. काँग्रेसला धीर देण्यात घोटाळ्याचा वाटा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काँग्रेसचे स्वतःचे हत्यार बोथट आहे, पक्षनिष्ठेपुढे महाभियोग चालत नाही, म्हणून न्यायालयाखेरीज वाट नाही, असे म्हणतात. दाखला जवळचाच आहे: काँग्रेसच्या चौकशीत अडथळा आणल्याच्या आरोपावरून प्रतिनिधिगृहाने २०१९ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवला आणि सिनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी त्यांना सोडले. पण न्यायालयाच्या वाटेने पुढे काय हाती आले? १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की पदाच्या गाभ्याच्या अधिकारांबाबत माजी अध्यक्षावर फौजदारी खटला मुळीच चालवता येत नाही, आणि इतर अधिकृत कृत्यांनाही निदान गृहीत संरक्षण आहे. इतके मोठे कवच कुठल्याच काँग्रेसने कोणत्याही अध्यक्षाला दिले नव्हते. आणि १९७४ मध्येही न्यायालयामुळेच सारे घडले, असे म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. निक्सन यांना बुडवणारी २३ जून १९७२ ची फीत जगापुढे आली ५ ऑगस्टला. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाचे पहिले कलम २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केले ते २७ जुलैला, आणि ती फीत न ऐकताच समितीतल्या १७ पैकी ६ रिपब्लिकनांनी त्या दिवशी आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिले होते.