दाबाखालचं लोखंड



विजेची तार तापते, कारण धातूतून जाणाऱ्या विजेला रोध होतो. 1911 साली नेदरलँड्समधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे 269 अंश सेल्सियसपर्यंत थंड केला आणि त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. पुढे शिसं, कथील, ॲल्युमिनिअम यांच्यातही ती सापडली. लोखंडाकडून मात्र फारशी आशा नव्हती. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचं सहसा जमत नाही आणि लोखंडाची तर ओळखच चुंबकाची.

2001 साली जपानमध्ये शिमिझू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोखंडाला हिऱ्यांच्या चिमटीत धरलं. दोन हिरे, टोकं घासून सपाट केलेली, समोरासमोर. मध्ये धातूची पातळ चकती, तिला बारीक भोक आणि त्या भोकात नमुना. असं उपकरण स्क्रूनं आवळत जायचं. टोकाचं क्षेत्रफळ इतकं लहान की हाताच्या जोरानंही लाखो वातावरणांचा दाब तयार होतो! हिरा पारदर्शक, त्यामुळे आत माणकाचा कण ठेवला की त्याच्या चकाकण्यावरून दाब मोजता येतो. दीड लाख वातावरणांच्या आसपास लोखंडाचे अणू जुनी मांडणी सोडून जास्त दाटीनं बसतात, लोहचुंबकत्व निघून जातं आणि उणे 271 अंशांच्या जवळ तेच लोखंड अतिसंवाहक होतं.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. धातू तोच, अणूही तेच, फक्त त्यांची बसण्याची रीत बदलली. कॅल्शियमचंही तसंच: वीस लाखांहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली तो उणे 244 अंशांनाच अतिसंवाहक होतो.

बिस्मथ या धातूची गोष्ट मात्र आपल्या मुंबईत येऊन पोचते. पंचवीस हजार वातावरणांच्या दाबाखाली तो अतिसंवाहक होतो, हे आधीपासून माहीत होतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी दाब न देता अतिशुद्ध बिस्मथचा स्फटिक केवल शून्याच्या अगदी जवळ नेला. 0.00053 केल्व्हिनला तो अतिसंवाहक झाला. 2016च्या डिसेंबरात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बिस्मथमध्ये साधारण लाखभर अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. अतिसंवाहकतेसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एवढ्या थोड्या इलेक्ट्रॉनांत जमतात तरी कशा, याचं उत्तर अतिसंवाहकतेचा 1957चा प्रस्थापित सिद्धांत सरळपणे देत नाही.