ताप उतरला, गोळ्या संपल्या नाहीत

पावसाळा लागला की आपल्या लोणी काळभोरात पिंपात, जुन्या टायरांत पाणी साठतं, आणि ओपीडीत तापाची रांग लागते. रक्त तपासून ‘हिवताप’ निघाला, एवढ्यावर घरी येऊ नका. कोणता हिवताप, हे विचारा.

व्हायवॅक्स असेल तर मोठ्या माणसाला 3 दिवस क्लोरोक्विन आणि 14 दिवस प्रायमाक्विन देतात. ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. मग आपण कामाला लागतो, आणि उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. पण हे जंतू यकृतात दडून बसतात. ते मारायला प्रायमाक्विन देतात. नाहीतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी, पुन्हा डास न चावताही ताप उलटतो.

फाल्सिपेरम जास्त घातक. तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याची औषधं वेगळी. म्हणून शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. गरोदरपणी प्रायमाक्विन देत नाहीत. गोळी उपाशीपोटी नको. लघवी काळसर झाली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रांग कितीही असो, तीन प्रश्न विचाराच: ताप कोणता? गोळ्या किती दिवस? परत कधी येऊ? उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. दोन मिनिटं मागायला संकोच कसला, बायांनो? तो आपला हक्क आहे.