होकार कसा द्यावा?

“उद्या भीमाशंकरला जाऊ या का?” असे आपण मंचरच्या चौकात चार मित्रांना विचारले, तर एक म्हणतो, “जाऊ या की!” दुसरा म्हणतो, “चालेल.” तिसरा म्हणतो, “माझी काही हरकत नाही.” चौथा नुसताच “बघू” म्हणतो, आणि हा काही येत नाही, हे आपण तेव्हाच ओळखतो. इंग्रजीतही होकाराच्या अशाच परी आहेत. आपण मात्र मुलांना ‘हो म्हणजे येस’ एवढे सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

त्याने काय होते, ते ऐका. माझा एक विद्यार्थी, शेतकऱ्याचा मुलगा, चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मुलाखतीला गेला. साहेब परदेशी. त्यांनी विचारले, “वुड यू माइंड वर्किंग ॲट नाइट?” पोरगा रात्रपाळीला एका पायावर तयार. झटकन म्हणाला, “येस, सर!” साहेबांनी कागद मिटला, नोकरी दुसऱ्याला मिळाली. प्रश्न होता, “रात्री काम करायला तुमची हरकत आहे का?” आणि आमच्या गड्याने उत्तर दिले, “होय, आहे!” हे तो मला सांगत होता, तेव्हा माझीच मान खाली गेली. त्याला मी शेक्सपिअर शिकवला होता. हो म्हणायला शिकवले नव्हते.

तेव्हा पहिली खूणगाठ ही : प्रश्नात ‘माइंड’ आले की होकार ‘नो’ने द्यायचा. “नो, नॉट ॲट ऑल.” म्हणजे, मुळीच हरकत नाही.

“शॅल वी स्टार्ट?” म्हणजे सुरुवात करू या का? इथे “येस, लेट्स” म्हणावे. “व्हाय डोन्ट वी गो बाय बस?” असे कोणी म्हटले, तर तो जाब विचारीत नाही, बसने जाऊ असे सुचवतो आहे. कारणे सांगत बसू नये. “गुड आयडिया” म्हणावे.

आपल्या ‘चालेल’चे शब्दशः “इट विल डू” करू नका. त्यात ‘भागेल कसेबसे’ असा सूर लागू शकतो. “दॅट्स फाइन” म्हणा. वेळ सोयीची असेल तर “दॅट सूट्स मी” म्हणा. कोणी आपुलकीने जेवायला बोलावले, तर “आय वुड लव्ह टू.” आणि मनात ‘बघू’ असेल, तर खोटा होकार देऊ नये. “आय विल लेट यू नो टुमारो,” उद्या कळवतो, असे सरळ सांगावे आणि कळवावेही.

राहिला ‘ओके’. १८३९ साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने ‘ऑल करेक्ट’ची मुद्दाम चुकीची आद्याक्षरे गमतीने छापली, तिथून तो जगभर फिरला. मित्रांत तो शोभतो. वडीलधाऱ्यांपुढे “सर्टनली” बरे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. रोज पाच मिनिटे दोन मुले समोरासमोर उभी करा. एकाने काही सुचवावे, दुसऱ्याने होकार द्यावा. मुले हसतील, चुकतील. वर्गात चुकलेले बरे. मुलाखतीत चुकले तर पोटावर येते.

मग, उद्यापासून करू या ना सुरुवात? “येस, लेट्स!”