मेंदूचे माप आणि यंत्राचे माप

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रतिमा-निदान विभागातर्फे केलेले भाषण)



आपल्या औदार्यामुळे रुग्णालयात एखादे नवे यंत्र येते, तेव्हा त्याचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापले जाते. ते उचितच आहे. आज मात्र त्या यंत्राने दिलेल्या आकड्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुमती घेतो.

स्मृतिभ्रंशाच्या कित्येक रुग्णांचा पहिला एमआरआय सातारा, सोलापूर किंवा अहिल्यानगर येथे झालेला असतो आणि दुसरा पुण्यात होतो. नातेवाईक दोन्ही अहवाल पुढे ठेवून विचारतात, “डॉक्टर, बाबांचा मेंदू वर्षभरात एवढा आकसला का हो?” याचे उत्तर वाटते तितके सोपे नसते. दोन आकड्यांमधील फरकात काही वाटा मेंदूचा असतो, तर काही यंत्राचा.

फरक किती सूक्ष्म असतो ते पाहू. स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिपोकॅम्पस हा भाग मेंदूच्या दोन्ही बाजूंस असतो. एका बाजूचे आकारमान साधारण 3 मिलिलिटर धरू. अनेक अभ्यास एकत्र करून 2009 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार निरोगी वृद्धांमध्ये हा भाग वर्षाला सुमारे दीड टक्का घटतो, तर अल्झायमरच्या रुग्णांमध्ये सुमारे साडेचार टक्के. सलाईनच्या साध्या नळीतून पडणाऱ्या 20 थेंबांचे एक मिलिलिटर होते, हे आपणांपैकी अनेकांनी रुग्णाच्या उशाशी बसून पाहिले असेल. त्या हिशेबाने निरोगी माणसाची वर्षाची घट एक थेंब, तर रुग्णाची तीन थेंब. वय आणि व्याधी यांमधील अंतर एवढे, म्हणजे दोन थेंबांचे आहे.

आता यंत्राकडे वळू. सीटी स्कॅनमध्ये पाण्याचे मूल्य 0 आणि हवेचे उणे 1000 असे ठरलेले आहे. त्यामुळे कोणत्याही गावच्या यंत्राला एक समान पट्टी मिळते. नेहमीच्या एमआरआय चित्रातील उजळपणाला असे ठरलेले एककच नाही. चुंबकाची शक्ती 1.5 टेस्ला आहे की 3 टेस्ला, चित्राचे काप 1 मिलिमीटरचे आहेत की 5 मिलिमीटरचे, आकारमान काढणारी संगणकप्रणाली कोणत्या आवृत्तीची आहे, इतकेच नव्हे तर डोके यंत्राच्या मध्यभागी होते की किंचित बाजूला, या प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो. मध्यापासून दूर गेल्यास चित्र थोडे ताणले किंवा दाबले जाते.

ही विकृती ओळखण्यासाठी फँटम वापरतात. फँटम म्हणजे ज्ञात मापाचे, द्रवाने भरलेले बंद नळकांडे. अमेरिकेतील रेडिओलॉजी महाविद्यालयाच्या प्रचलित फँटमचा आतील व्यास 190 मिलिमीटर आहे. यंत्राने तो 192 दाखविला, तर चूक अवघी एक टक्क्याची वाटेल. परंतु लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना तीच चूक झाली, तर आकारमानात ती सुमारे तीन टक्के होते. तीन टक्के म्हणजेच आपले ते दोन थेंब. फँटमवरील दोन मिलिमीटरची चूक एखाद्या निरोगी वृद्धाला रुग्ण ठरवू शकते किंवा रुग्णाची व्याधी झाकू शकते.

पुणेकरांना हा विचार अपरिचित नाही. 1928 साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरची ती वास्तू ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी वेधशाळांची उपकरणे प्रमाणित करण्याचे कार्य पुण्यात चालत राहिले. नागपूरचा तापमापक आणि महाबळेश्वरचा तापमापक एकाच प्रमाणाशी ताडून पाहिलेले असतात, म्हणून त्यांच्या आकड्यांची तुलना करता येते.

मेंदूच्या बाबतीतही जगभर असे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत 2004 साली सुरू झालेल्या अल्झायमर प्रकल्पात पन्नासहून अधिक केंद्रांनी एकाच पद्धतीने चित्रे घेतली आणि फँटमच्या साहाय्याने यंत्रांवर लक्ष ठेवले. जपानमध्ये 9 निरोगी व्यक्तींना 12 केंद्रांवर नेऊन प्रत्येकाच्या मेंदूची तपासणी केली गेली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, मेंदूच्या विविध भागांमधील कार्यसंबंध मोजताना केंद्रामुळे पडणारा फरक मनोविकारांमुळे पडणाऱ्या फरकाइतका किंवा त्याहून मोठा आढळला.

गणिताचीही मदत होते. जनुकशास्त्रातील मोजमापांसाठी 2007 साली मांडलेली ‘कॉम्बॅट’ ही पद्धत पुढे एमआरआयसाठी वापरली जाऊ लागली. ती प्रत्येक यंत्राचा कल अजमावून आकड्यांतून वजा करते. मात्र सर्व रुग्ण एका केंद्रात आणि सर्व निरोगी माणसे दुसऱ्या केंद्रात तपासली असतील, तर यंत्राचा दोष कोणता आणि आजाराची खूण कोणती हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. शिवाय ही पद्धत अनेक व्यक्तींच्या समूहासाठी आहे. एकट्या रुग्णाच्या दोन अहवालांना तिचा आधार फारसा मिळत नाही.

तुलना कोणाशी करायची, हाही प्रश्न आहे. दीर्घकाळ प्रमाण मानला गेलेला नमुना माँट्रियल येथील 152 तरुणांच्या मेंदूंवरून बनविलेला होता. बंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांनी 2020 साली 6 ते 60 वर्षे वयोगटांसाठी भारतीय मेंदूचे पाच नमुने प्रसिद्ध केले. स्मृतिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात, हे ध्यानात घेता त्या दिशेने अजून पुष्कळ वाटचाल व्हावयास हवी.

तोवर आपल्या हाती काय आहे? रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती की, पुढील तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करावी. छापील अहवालाबरोबर मूळ चित्रांची सीडीही जपून ठेवावी, कारण जुन्या व नव्या चित्रांचे माप एकाच प्रणालीने पुन्हा काढता येते. केवळ दोन कागदांवरील आकड्यांच्या वजाबाकीवरून धीर सोडू नये वा निर्धास्तही होऊ नये. रुग्णाचे रोजचे वागणे आणि डॉक्टरांची तपासणी यांच्याशी ते आकडे ताडून पाहावेत.

विश्वस्त व देणगीदारांना विनंती की, यंत्राच्या खर्चात फँटमचा, नियमित चाचणीच्या वेळेचा आणि ती करणाऱ्या तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाचा खर्चही धरावा. या चाचणीच्या वेळात एकही रुग्ण तपासला जात नाही, म्हणून तो वेळ वाया गेला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यानंतर तपासल्या जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा आकडा त्या वेळेच्या आधाराने उभा राहतो. अशा दानाचे छायाचित्र निघत नाही, पण “बाबांचा मेंदू आकसला का?” या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बळ आम्हाला त्यातूनच लाभते.