नियामकाची खुर्ची आणि मागाचे वीजबिल

(टेमघर, भिवंडी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा सारांश)



यंत्रमागाच्या बिलावरील दर मंत्री ठरवीत नाहीत. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. 1997 साली दूरसंचाराला नियामक प्राधिकरण मिळाले, 1998 च्या कायद्याने वीजक्षेत्रात आयोग आले. दर ठरविण्याचा अधिकार सत्ताधाऱ्यांच्या हातून काढून तटस्थ व जाणकार व्यक्तींकडे सोपवावा, हा त्यामागील विचार. त्याचे बळ व मर्यादा डॉ. प्रमोद देव यांच्या कारकीर्दीत स्पष्ट दिसतात.

महाराष्ट्र श्रेणीतील हे सनदी अधिकारी प्रथम राज्य आयोगाचे आणि 2008 ते 2013 या काळात केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष होते. राज्यात तेव्हा भारनियमनाचा काळ होता. आयोगाने जाहीर सुनावण्या घेतल्या. सामान्य ग्राहकही वीजकंपनीच्या हिशेबावर प्रश्न विचारू लागला. ही कमाई लहान नव्हे. तथापि भारनियमनाचे तास त्या त्या भागातील वीजगळतीशी जोडले गेले. परिणामी नियमित बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या चोरीची शिक्षा भोगावी लागली. हिशेब काटेकोर होता. न्याय मात्र अपुरा राहिला.

पुढे दिल्लीत प्रश्न अधिक बिकट झाला. इंडोनेशियातील कोळसा महागल्यामुळे मुंद्रा येथील अदाणी व टाटा यांच्या प्रकल्पांनी कराराबाहेर वाढीव दर मागितला. टाटा प्रकल्पाची वीज घेणाऱ्यांत महाराष्ट्रही होता. एप्रिल 2013 मध्ये आयोगाने भरपाईचा दर मान्य केला. अदाणी प्रकरणात सदस्य एस. जयरामन यांनी विरोधी मत नोंदविले. स्पर्धेने ठरलेल्या दराचा नफा कंपनीचा आणि तोटा मात्र ग्राहकाचा, हे कोणते अर्थशास्त्र? ‘प्रयास’ व ‘एनर्जी वॉचडॉग’ या संस्थांनी वाद पुढे नेला. परदेशातील कायदा बदलला म्हणून करारातून सुटका नाही, असा निर्णय 11 एप्रिल 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला.

येथे व्यक्तीच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. अध्यक्ष विद्वान असले तरी त्यांच्यासमोर जी बाजू मांडली जाते तिच्यावरच निर्णय होतो. कंपन्यांचे वकील रोज उभे असतात. विणकराला मात्र दिवसाची मजुरी बुडवून जावे लागते.

भिवंडीत 26 जानेवारी 2007 पासून वीजवितरण टोरंट कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून आले. 2003 च्या वीज कायद्यानुसार फ्रँचायझीला आयोगाचा वेगळा परवाना लागत नाही. जबाबदारी परवानाधारक महावितरणचीच राहते. म्हणजे मीटर एकाचा, उत्तरदायित्व दुसऱ्याचे आणि दर तिसऱ्याचा! ही साखळी कार्यकर्त्याने मागवाल्याला समजावून दिली पाहिजे. दरवाढीच्या प्रस्तावावर हरकत घेण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. पुढच्या सुनावणीला टेमघरची बिले आणि आकडे घेऊन माणसे गेली पाहिजेत. रिकाम्या सभागृहात तटस्थ माणूसही एकाच बाजूचे ऐकतो.