मातीचे ऋण



सकाळी भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागावी, हा संस्कार हिंदू घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मात्र ज्या मातीला वंदन करायचे, तिचे स्वरूप जाणून घेण्याची जिज्ञासा त्या प्रमाणात दिसत नाही.

महाराष्ट्रातील काळी कसदार जमीन बेसाल्ट खडकापासून बनली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन हा खडक तयार झाला. ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि सूक्ष्म जीव यांनी तो झिजवला. इंचभर मातीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. उतारावरील उघड्या शेतातून तोच थर काही पावसाळ्यांत वाहून जाऊ शकतो.

परंतु नुसता झिजलेला खडक म्हणजे माती नव्हे. चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. पालापाचोळा व शेण कुजवून ते पिकाला अन्नद्रव्ये उपलब्ध करून देतात. हरभरा, तूर यांच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला पुरवतात. क्षयरोगावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन हेही १९४३ साली मातीतील सूक्ष्म जीवापासूनच मिळाले. या जीवसृष्टीचे अन्न म्हणजे सेंद्रिय कर्ब. माती परीक्षणात तो ०.५ टक्क्यांहून कमी आढळल्यास त्याचे प्रमाण कमी समजले जाते. उष्ण हवामानात कर्ब लवकर खर्च होतो. म्हणून त्याची भर सतत घालावी लागते.

या संदर्भात सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे उदाहरण मननीय आहे. हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी सेवेत आले. भारतीय शेतकऱ्याला शिकवण्याऐवजी त्यांनी त्यालाच गुरू मानले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूर येथे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत सिद्ध केली. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. उभयतांचा या विषयावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. जमिनीतून जे घेतले ते तिला परत करावे, हे या पद्धतीचे सूत्र. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर पोहोचली.

आणि त्याच भूमीत आज काय दिसते? ऊसतोडणीनंतर पाचट पेटवले जाते. कर्ब धुरावाटे निघून जातो आणि वरच्या थरातील जिवाणूही होरपळतात. कृष्णाकाठी अतिपाण्याने आणि निचऱ्याच्या अभावी सुपीक शिवारे क्षारपड झाली आहेत. रासायनिक खते सरसकट टाकून द्यावीत, असे शास्त्र सांगत नाही. परंतु माती तपासल्याशिवाय, शेणखताची जोड दिल्याशिवाय ती वापरणे आत्मघातकी आहे. केंद्र सरकारने २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. पत्रिका कपाटात ठेवून जमीन सुधारत नाही. तिच्यानुसार खताची मात्रा बदलावी लागते.

शेतकऱ्याने पाचट न जाळता सरीत कुजवावे, बांध राखावेत. शहरातील कुटुंबाने स्वयंपाकघरातील ओला कचरा वेगळा ठेवून त्याचे खत करावे. मातृभूमीला नित्य वंदन करणाऱ्यांनी तिच्या मातीचे हे ऋण फेडले, तरच ते वंदन सार्थ ठरेल.